‘लाइक एनिथिंग’ म्हणजे कशासारखं?

मी कोथरूडला कामाला लागले त्याच आठवड्यात बाईंच्या स्वयंपाकघरातला नळ तुटला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून बाईंचा आवाज आला, “अगं, सवड झाली की ये. जरा पाणी आलंय.”

आमच्याकडे पाणी आलं म्हणजे चांगली बातमी. येऊ दे, म्हटलं. आणखी दोन टॉवेल झटकले, चिमटे लावले, बादली उपडी घातली आणि मग आत गेले. तर स्वयंपाकघराचा तलाव झालेला. तोटी कुठेतरी उडालेली, धार थेट समोरच्या कॅलेंडरवर, आणि माझ्या चपला तरंगत दाराकडे निघालेल्या. बाई खुर्चीच्या आडव्या दांडीवर पाय टेकवून शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

“बाई, हे जरा आहे?”

“मग ओरडायला हवं होतं का? आलीस ना तू?”

बाईंच्या बोलण्याशी माझी ही पहिली ओळख.

बाई म्हणजे शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सोसायटीतले सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चालायला वॉकर आला आणि वॉकरच्या पाठोपाठ मी आले. मी गोंदियाकडची. धानाच्या बांध्या आणि तलाव यांच्यामधलं गाव. माझी शाळा नववीत सुटली. खरं तर शाळेने मला सोडलं नाही आणि मीही तिला सोडलं नाही. मधली बस बंद झाली आणि आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत राहिलो. पुढे ओळखीच्या एका मावशीबरोबर पुण्याला आले, आजाऱ्याला उठवणं, बसवणं, आंघोळ, औषधं हे सगळं शिकले, आणि बाईंच्या घरात मला काम मिळालं, शिवाय झोपायला गॅलरीला लागून एक छोटी खोली. तिला खिडकी आहे. मी अजून रोज एकदा त्या खिडकीला मनातल्या मनात नमस्कार करते.

पण माझा स्वभाव असा की सुखाने बसवत नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर वाटतं गॅस संपला. वेळेवर झाली तर वाटतं वरण कच्चं राहिलं. आणि या घरात तर काळजीला खरंच कारण होतं. बाईंची एकुलती लेक परदेशात असते. मी त्यांना ताई म्हणते. ताईंनी पहिल्याच दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “दिवाळीपर्यंत बघू. आई घरी नीट राहिली तर ठीक. नाहीतर खडकवासल्याच्या रस्त्याला ज्येष्ठांसाठी एक छान जागा आहे, तिथे आईचं नाव घालून ठेवलंय. नर्स आहे, बाग आहे, सकाळी सगळे मिळून हसतात.”

“हसतात? कशाला?” बाईंनी विचारलं होतं.

“व्यायाम म्हणून, आई.”

बाईंनी वॉकर थोडा जवळ ओढला. मला कळलं की त्यांना तिथे जायचं नाही. बाई तिकडे गेल्या की माझी खिडकीही गेली, हे कळायला तर मला नववीचीही गरज नव्हती. तेव्हा बाईंचं घरी नीट राहणं हे आम्हा दोघींचं काम होतं, आणि ते ताईंपर्यंत पोचवणं माझं एकटीचं. रोज दुपारी मी एक मेसेज पाठवायचा, झोप, जेवण, चालणं. काय लिहू विचारलं की बाई म्हणायच्या, “लिही, ठीक आहे.” मी लिहायचे, ठीक आहे. तिकडून अंगठा यायचा.

हळूहळू मला बाईंच्या बोलण्याचं माप कळलं. ‘ठीक’ म्हणजे आपण ज्याला छान म्हणतो ते. ‘वाईट नाही’ म्हणजे फारच छान. ‘किंचित दुखतंय’ म्हणजे डॉक्टरांना बोलवा. ‘बरं आहे’ हा शब्द मी त्या घरात पहिले कित्येक दिवस ऐकलाच नाही. भाजीला नाही, हवेला नाही, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाही नाही. सर्जन ‘वाईट नाही’वरच अडकले होते.

मी ज्या मुलखातून आले तिथे सगळा कारभार उलटा. आमच्याकडे ऊन बेज्या, म्हणजे फारच, असतं, पाहुणे बेज्या येतात, आणि नुसतं पोट भरलं तरी ‘मरतो आता’ म्हणायची रीत आहे.

अशा घरात ते इंग्रजी वाक्य शिरलं ते समोरच्या दारातून. समोर एक कॉलेजची मुलगी राहते. ती संध्याकाळी आमच्याकडे येऊन वायफाय आणि चिवडा दोन्ही वापरते. तिचं बोलणं असं, “अगं, भूक लागलीये लाइक एनिथिंग.” “आज रिक्षावाल्यावर भडकले लाइक एनिथिंग.” “सर बोअर करतात लाइक एनिथिंग.” मला ते फार आवडलं. दणकून पाय आपटल्यासारखं वाटायचं ते. मी मनात अर्थ लावून पाहिला. लाइक म्हणजे सारखं, एनिथिंग म्हणजे काहीही. काहीहीसारखी भूक. मी तिला विचारलं, “म्हणजे नक्की कशासारखी?”

ती चिवडा चावायची थांबली. “कशासारखीच नाही गं. खूप, एवढंच.”

“मग खूप का नाही म्हणत?”

“खूपमध्ये ती मजा नाही ना!”

मला पटलं. पण खात्री करायला मी बाईंना विचारलं, “बाई, लाइक एनिथिंग बरोबर आहे का?”

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, तास सुरू झाला.

“बरोबर आहे. जुनंच आहे. माणूस पळाला, रडला, राबला, की मागे लावतात. अतिशय, जिवाच्या आकांताने, या अर्थी. चूक नाही, आळशी आहे. ‘सारखं’ म्हणून समोरच्याला पाटावर बसवायचं आणि ताटात काही वाढायचं नाही.” त्यांनी समोरच्या मुलीकडे पाहिलं. “या घरात ज्याला ते वापरायचंय त्याने वापरावं. पण कशासारखं ते सांगायचं. तुझ्या बेज्यालाही तोच नियम.”

ती मुलगी त्यानंतर दोन दिवस आली नाही. मी कुठे जाणार?

“बाई, आज ऊन बेज्या आहे.”

“कशासारखं?”

मी भाजीची पिशवी धरून दारातच उभी. घाम गळतोय, कोथिंबीर मान टाकतेय, आणि बाई वाट बघतायत. “कुकरचं झाकण काढून आत तोंड घातल्यासारखं.”

“चालेल. आत ये.”

एकदा मी म्हटलं, पोळ्या कडक झाल्यात लाइक एनिथिंग. कशासारख्या? सासूने पहिल्या दिवशी सुनेशी बोलावं तशा. बाई म्हणाल्या, “तुझं लग्न झालेलं नाही. माहीत असलेलं सांग.” मग मी एक पोळी ताटावर आपटून दाखवली. बाई म्हणाल्या, “हं. हे जास्त चांगलं.”

वरून वैतागल्यासारखं करायचे, पण मला आतून छान वाटायचं. आजवर मी ‘खूप’ म्हटलं की लोक ‘हो का’ म्हणून पुढे जायचे. कशासारखं, असं थांबून मला कुणी विचारलं नव्हतं. मी भांडी घासतानाही उपमा शोधायला लागले. रात्री अंथरुणावर पडले की उद्यासाठी दोनचार तयार ठेवायचे, अचानक लागल्या तर.

आणि बाईंच्या सहवासात मी न कळत त्यांच्यासारखं बोलायलाही लागले. त्याचा फटका गावाकडे बसला.

माझी आई दर आठवड्याला फोन करते. एरवी मी सांगायचे, आई, मी बेज्या मजेत आहो, घर बेज्या मोठं आहे. त्या दिवशी तिने विचारलं, “कशी आहेस वो माय?” आणि माझ्या तोंडून गेलं, “बरं आहे.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“काऊन गं पोट्टे, काय झालं?”

“काही नाही. ठीक आहे सगळं.”

“ठीक? तुले खायले देतेत का नाई? ताप गिप आहे का? कोणी उभं आहे का बाजूले? खरं सांगजो, उभं असन त नुसतं हाव म्हण.”

“अगं आई, कोणी नाही उभं.”

“असंच म्हणाले लावलं असन!”

संध्याकाळपर्यंत गावात मला टायफॉइड झाला होता, कावीळ उलटली होती, आणि धाकट्या मावशीच्या मते माझं पुण्यात परस्पर लग्न ठरून मोडलंही होतं. मामा तिकीट काढायला स्टेशनवर पोचले. त्यांना परत फिरवण्यासाठी मला बाईंच्या घरात उभं राहून मोठ्याने ओरडावं लागलं की मी बेज्या, बेज्या, बेज्या मजेत आहो. आतून बाई म्हणाल्या, “कशासारखी?” ते आईने ऐकलं. “कोण दरडावून ऱ्हायलं वो तुले?” तिने विचारलं, आणि मामा पुन्हा स्टेशनकडे वळले.

तो प्रकार निस्तरल्यावर मी विचारात पडले. एका कोरड्या शब्दाने माझी आई इतकी घाबरते, तर ताईंचं काय होत असेल? त्याही आईपासून लांब. त्यांना मी रोज काय पाठवते? ठीक आहे. बिचाऱ्या वरून अंगठा दाखवत असतील आणि आतून झुरत असतील. शिवाय दिवाळी जवळ आली होती. खडकवासल्याच्या जागेत एक खोली रिकामी होणार होती, आणि ती हवी की नको हे ताईंना सोमवारी कळवायचं होतं. असल्या वेळी ‘ठीक आहे’वर कसं भागेल? मी ठरवलं, आता बाईंचा एक चांगला दिवस आला की ताईंना असा घसघशीत मेसेज पाठवायचा की त्यांची काळजीच मिटली पाहिजे.

आणि शनिवारी तो दिवस आला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात. साठीच्या पुढचे, अजून दवाखाना चालवणारे. ते बाईंचे शाळेतले विद्यार्थी. सकाळी ते सोसायटीच्या बागेत मरून ट्रॅकपँट घालून व्यायाम करतात. मी गॅलरीत पडदा बांधत होते, त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि मी म्हटलं, “बाई, डॉक्टर हातपाय हलवतायत लाइक एनिथिंग.”

“कशासारखे?” बाई आतून म्हणाल्या.

मी नीट बघितलं. मग म्हटलं, “कपड्यात मुंगळा शिरलाय, पण मंगल कार्यालयात चारचौघांत सांगता येत नाहीये, तसे.”

मला वाटलं, चुकलं, मोठ्या माणसाविषयी असं बोलायला नको होतं. मग एक चमत्कारिक घुसमटलेला आवाज आला. मी धावत आत गेले तर बाई हसत होत्या. चष्मा एका कानावर, डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत. आणि त्या उठल्या. वॉकर न घेता, भिंतीला एक हात लावून, थेट गॅलरीत. खाली बघितलं. डॉक्टर तेवढ्यात डावा पाय झटकत होते.

“मुंगळा खाली गेला,” बाई म्हणाल्या, आणि कठडा धरून पुन्हा हसल्या.

त्या दिवशी त्या भात दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि जेवल्याबरोबर गाढ झोपल्या. मी फोन घेऊन खोलीत बसले. इंग्रजीत लिहायचं ठरवलं, ताईंना वाटावं की मुलगी सुधारतेय. एक एक अक्षर शोधून लिहिलं. मजकूर असा होता, बाई वॉकिंग लाइक एनिथिंग. लाफिंग लाइक एनिथिंग. ईटिंग लाइक एनिथिंग. नाऊ स्लीपिंग लाइक एनिथिंग. शेवटी एक फुलाचं चित्र लावलं आणि पाठवून दिलं. तिकडे पहाट होती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आता काळजीचं काही कारण नाही.

दुपारच्या चहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली. दारात डॉक्टर. पायात घरच्या चपला, हातात बॅग, धापा टाकतायत.

“कुठे आहेत?”

“झोपल्यात.”

“कधीपासून?”

“जेवल्यापासून.”

“हाक मारून बघितली?”

“नाही. कशाला?”

डॉक्टर मला बाजूला सारून आत आले. आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, “कोण आहे?”

“मी, बाई.”

“मी म्हणजे?”

“डॉक्टर.”

“बोलावलं कुणी?”

डॉक्टरांनी बाईंना हाताला धरून बाहेरच्या सोफ्यावर बसवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, आज वार कोणता?”

“भिंतीवर कॅलेंडर आहे.”

“नाही, तुम्ही सांगा.”

“तुला वार हवाय, की माझी परीक्षा घेतोयस?”

“परीक्षा नाही हो बाई...”

“मग शनिवार.”

“छान. आता एखाद्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगाल?”

बाईंनी चष्मा काढला. “आधी तू सुलटं सांग.”

डॉक्टरांनी बॅग उगाच उघडली आणि बंद केली. मला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी माझ्यामुळेच चाललंय हे नक्की होतं. अशा वेळी मी चहा करते. आत जाऊन मोठ्या पातेल्यात दूध तापत ठेवलं, तोच पुन्हा बेल. यावेळी बाईंचे भाचे. ते मांजरीला राहतात. म्हणजे पुण्याच्या पार त्या टोकाला. दुपारच्या रहदारीतून स्कूटर हाणत आलेले, हेल्मेट डोक्यावरच.

“मावशी!”

“ये,” बाई म्हणाल्या. “कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं. मावशी, तू...” त्यांनी आवाज खाली आणला, जणू भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये. “तू हसतेस म्हणे?”

“कुणी सांगितलं?”

“कळलं आम्हाला.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताई. भाच्यांनी पडदा बाईंसमोर धरला. ताईंचे केस विंचरलेले नव्हते आणि डोळे लाल होते.

“आई, तू बरी आहेस ना? मला ओळखतेस ना?”

“चेहरा पाहिलेला वाटतो,” बाई म्हणाल्या. “झालंय काय तुम्हा सगळ्यांना?”

मग ते बाहेर पडलं. ताई उठल्या, फोन उघडला, आणि त्यांना माझा मेसेज दिसला. “ही मुलगी रोज दोन शब्द लिहिते,” त्या म्हणाल्या. “तिने एवढं लिहिलं म्हणजे काय समजायचं मी? आणि आपल्या घरात कोण असं असतं, आई? माझं लग्न ठरलं तेव्हा तू ‘हरकत नाही’ म्हणालीस. बाबा गेले तेव्हा म्हणालीस, जरा रिकामं वाटतंय. आणि आज एकदम तू चालतेस, हसतेस, खातेस, आणि मग शुद्ध नाही! मला वाटलं डोक्यात काहीतरी झालं, म्हणून डॉक्टरांना आणि याला पळवलं.”

“साखर कमी झाली की पेशंट असं करतो,” डॉक्टर म्हणाले. “निष्कारण हसतो.”

मी दारात उभी. हातात चहाची गाळणी. डोळ्यांसमोर खडकवासल्याची बाग, त्यात बाई टाळ्या वाजवतायत, आणि मी स्टेशनवर, मामा मला न्यायला आलेले. एका फुलासकट मी सगळं घालवलं होतं.

“ताई, माझं चुकलं,” मी म्हटलं. “मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “मेसेज आण इकडे.” मी माझा फोन दिला. त्यांनी चष्मा काढून पुसला, लावला, आणि मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “वॉकिंग लाइक एनिथिंग. कशासारखं?”

“बाई, आत्ता?”

“नियम म्हणजे नियम.”

मी म्हटलं, “गॅस चालू राहिल्याचं आठवल्यावर माणूस चालतं तसं.”

“वॉकर?” डॉक्टरांनी विचारलं.

“खुर्चीपाशीच होता. भिंतीला हात लावून गेल्या.”

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. बाई पुढे म्हणाल्या, “ईटिंग?”

“दुसऱ्यांदा भात घेताना मी डाव उचलायच्या आत त्यांनी ताट पुढे केलं. आग्रह करायचा राहूनच गेला.”

“आई दुसऱ्यांदा भात घेते?” ताई म्हणाल्या.

“स्लीपिंग?”

“शनिवारी शाळा लवकर सुटल्यासारखी.”

बाईंनी मान हलवली, म्हणजे चाललं. “आणि लाफिंग?”

मी गाळणी न्याहाळायला लागले.

“हसल्या कशाला, ते महत्त्वाचं आहे,” डॉक्टर पुढे सरकून म्हणाले. “काही कारण होतं का?”

“होतं,” मी म्हटलं.

“काय?”

मी बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे पाहत होत्या.

“राहू द्या ना, डॉक्टर.”

“नाही, नाही. तपासणीच्या दृष्टीने हवं मला. स्पष्ट सांग, घाबरू नकोस.”

मग मी सांगितलं. बाग, ट्रॅकपँट, मंगल कार्यालय, मुंगळा. सांगताना माझा हात आपोआप तसा झटकला गेला आणि गाळणी उडून सोफ्याखाली गेली. डॉक्टरांचे कान लाल झाले. भाचे हेल्मेटची काच खाली ओढून आतल्या आत गदगदत होते. आणि बाईंचे खांदे हलायला लागले. चष्मा घसरला. “खाली गेला,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मुंगळा...” आणि पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

फोनमधल्या ताई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता मधेच त्यांनी बाहीला डोळे पुसले. डॉक्टरांनीच दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाले, “रक्तदाब उत्तम आहे. कारण पुरेसं होतं.” त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

शांत झाल्यावर ताई म्हणाल्या, “आई, आता खरं सांग. त्या खोलीचं मला परवा कळवायचंय. तिथे तुझी सोय छान होईल. इथे तुला कसं वाटतंय? ठीक म्हणू नकोस.”

बाईंनी शब्दकोड्याची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. वॉकरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “इथे बरं आहे.”

ताई फोनच्या जवळ आल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. “एवढं?” त्यांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

“मग त्यांना नको म्हणून कळवते,” ताई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, “उद्यापासून तुझ्या पद्धतीनेच लिही. पण कशासारखं तेही लिही गं. मला इथे आणखी एक अटॅक परवडायचा नाही.”

भाच्यांनी अखेर हेल्मेट काढलं. मी बाईंच्या पायाशी वाकले. मला पुष्कळ बोलायचं होतं. खिडकीबद्दल, नववीबद्दल, थांबून विचारण्याबद्दल. पण तोंडातून एवढंच निघालं, “बाई, तुमचे बेज्या उपकार आहेत माझ्यावर.”

“कशासारखे?”

मी विचार केला. रात्री जमवून ठेवलेल्या सगळ्या उपमा आठवून पाहिल्या. एकही पुरेना. डोळे भरून आले, तशीच उभी राहिले. डॉक्टर, भाचे, फोनमधल्या ताई, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“सुचेल,” बाई म्हणाल्या. “घाई नाही. पण सवड झाली की आत जाऊन ये. जरा वास येतोय.”

मी सुटले लाइक एनिथिंग.